ऐकून घेण्याचा पगार

१९३३ साली अमेरिकेत काम करू पाहणाऱ्या दर चार माणसांतला एक बेकार होता. कारखाने थंडावलेले, बँका बुडालेल्या, पावासाठी रांगा. अशा वेळी हातावर पैसे ठेवून लोकांना घरी पाठवणं सरकारला सगळ्यात सोपं होतं. पण मदतकार्याची सूत्रं ज्याच्या हाती होती, त्या हॅरी हॉपकिन्सची धारणा वेगळी होती. नुसत्या मदतीनं पोट भरतं, पण माणूस आतून खचतो. त्याला काम द्यावं, आणि शक्यतो त्याला येत असलेलं काम द्यावं.

आधी तरुणांचं बघा. रूझवेल्ट यांनी ४ मार्चला अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि १७ एप्रिलला व्हर्जिनियाच्या जंगलात, जंगलकामासाठी घेतलेल्या बेकार पोरांची पहिली सरकारी छावणी उभीसुद्धा राहिली! पगार महिना ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी. काळ्या पोरांना बहुतेक ठिकाणी वेगळ्या छावण्यांत ठेवलं गेलं, हा डाग आहेच. पण नऊ वर्षांत सुमारे ३० लाख तरुणांनी मिळून जवळपास ३०० कोटी झाडं लावली.

मोठ्यांसाठी १९३५ मध्ये ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ सुरू झालं. आठ वर्षांत ८५ लाख लोकांना काम मिळालं. रस्ते, पूल, शाळा तर झाल्याच. पण पूर्व केंटकीच्या डोंगरांत जिथे धड रस्ताच नव्हता, तिथे पुस्तकं कशी पोचायची? ती घोड्या-खेचरांवरून गेली! महिना २८ डॉलरवर बायका ओढे आणि चढ पार करत दारोदार पुस्तकं पोचवू लागल्या. जिथे कुणाला वाचता येत नसे, तिथे स्वतः वाचून दाखवत. जीर्ण मासिकांतल्या पाककृती आणि गोधड्यांचे नमुने कापून त्यांच्या चिकटवह्या करत, आणि त्या वह्याही घरोघर फिरत.

आणि सगळ्यात विलक्षण काम कोणतं? ऐकून घेणं. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली होती. गुलाम म्हणून जन्मलेली माणसं आता सत्तरी-ऐंशी ओलांडून थकली होती. १९३६ ते १९३८ या काळात बेकार लेखक आणि कारकून सरकारी पगारावर त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि २,३०० हून अधिक जणांच्या आठवणी त्यांनी लिहून घेतल्या. लिहिणारे बहुतेक गोरे, त्यामुळे सगळंच मोकळेपणानं सांगितलं गेलं नसेल. तरीही लहानपणी आईपासून तोडून विकलं गेल्याचं दुःख त्या कागदांवर उतरलं.

झाडं पुढच्या पिढीलाही लावता आली असती, पूलही बांधता आले असते. या कामाला मात्र मुदत होती. आणखी वीस वर्षं गेली असती, तर सांगायला जवळपास कुणीच उरलं नसतं. आज ते आवाज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, कारण मंदीच्या ऐन भरात सरकारनं ऐकून घेणं हेही काम मानलं आणि त्याचा पगार दिला.