संगीताने युद्ध थांबतं का? इस्रायली आणि अरब वादकांच्या ऑर्केस्ट्राची गोष्ट

‘कला माणसं जोडते’ हे वाक्य आपण शाळेच्या स्नेहसंमेलनापासून ऐकत आलोय. पण ज्यांचे देश एकमेकांचे शत्रू आहेत, अशी माणसं खरंच एकत्र बसून वाजवायला लागली तर काय होतं? वेस्ट-ईस्टर्न दिवान ऑर्केस्ट्रा हा प्रयोग १९९९ पासून करतोय. त्याला काय जमलं आणि काय जमलं नाही, ते पाहू.

सुरुवात कशी झाली?

डॅनियल बॅरनबोइम हे अर्जेंटिनात जन्मलेले इस्रायली पियानोवादक आणि संगीत संचालक. एडवर्ड सईद हे जेरुसलेममध्ये जन्मलेले पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत, ‘ओरिएंटॅलिझम’ या पुस्तकाचे लेखक. या दोन मित्रांनी १९९९ मध्ये जर्मनीतल्या वायमार शहरात इस्रायली आणि अरब तरुण वादकांची कार्यशाळा घेतली. वायमार हे कवी गटेचं गाव. पर्शियन कवी हाफिजच्या प्रभावातून गटेने लिहिलेल्या काव्यसंग्रहावरून ऑर्केस्ट्राला नाव मिळालं. याच शहरालगत बुखेनवाल्डची नाझी छळछावणीही होती. संस्कृती आणि क्रौर्य किती जवळ नांदू शकतात, हे त्या गावात वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे स्पेनमधल्या अँडलुसिया प्रांताच्या सरकारने मदत केली आणि ऑर्केस्ट्राचं बस्तान सेव्हिलमध्ये बसलं.

एकत्र वाजवल्याने नेमकं काय होतं?

व्हायोलिन, चेलो अशा वाद्यांच्या विभागात दोन वादकांमध्ये एकच स्टँड असतो. दोघांना एकाच कागदावरून वाजवावं लागतं. गज एकाच दिशेने फिरवावा लागतो. एक जण पान उलटतो, तेव्हा दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा असतो. शेजारी इस्रायली असो वा सीरियन, त्याचं ऐकल्याशिवाय वाजवताच येत नाही.

तालमीनंतर वाद होतातच. मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच स्टँडसमोर बसायचं असतं. हा शांततेचा प्रकल्प नाही, अज्ञानाविरुद्धचा प्रकल्प आहे, असं बॅरनबोइम वारंवार सांगत आले आहेत. समोरच्याचं म्हणणं पटलंच पाहिजे असं नाही, पण ते ऐकून घेतलं पाहिजे, इतकीच अपेक्षा.

रामल्लाची मैफल का गाजली?

ऑगस्ट २००५ मध्ये या ऑर्केस्ट्राने वेस्ट बँकमधल्या रामल्ला शहरात मोझार्ट आणि बीथोव्हन वाजवला. अडचण संगीताची नव्हती, तिथे पोहोचण्याची होती. इस्रायली नागरिकांना रामल्लात जायला बंदी. सीरिया आणि लेबनॉनच्या वादकांना इस्रायलच्या ताब्यातल्या नाक्यांमधून जावं लागणार होतं आणि त्यांच्या देशांचे इस्रायलशी राजनैतिक संबंधच नाहीत. शेवटी स्पेन सरकारने वादकांना राजनैतिक पासपोर्ट दिले, तेव्हा कुठे मैफल झाली. हे वादक ज्या देशांतून येतात, त्यातल्या बहुतेक देशांत हा ऑर्केस्ट्रा आजही एकत्र वाजवू शकलेला नाही.

टीका काय होते?

२००६ मध्ये इस्रायल-लेबनॉन युद्ध पेटलं आणि त्या उन्हाळ्यात काही अरब वादक आलेच नाहीत. पॅलेस्टाइनमधल्या सांस्कृतिक बहिष्काराच्या मोहिमेने तर ऑर्केस्ट्राविरुद्धच भूमिका घेतली. त्यांचा आक्षेप असा: एक बाजू ताबा ठेवणारी आणि दुसरी ताब्याखाली जगणारी असताना, दोघांना एका रांगेत बसवलं की जगाला सगळं समसमान असल्याचा भास होतो.

हा आक्षेप फक्त तिकडचा नाही. ७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा घेऊन आले. हेतू चांगला होता. पण कार्यक्रम निमंत्रितांसाठी, बंदोबस्त कडक, आणि निषेध म्हणून त्याच दिवशी शहरात दुसरा कार्यक्रम झाला. ज्यांच्यासाठी शांतता हवी, तेच बागेबाहेर राहिले, तर मैफलीचा अर्थ बदलतो.

मग कलेचा उपयोग काय?

युनेस्कोच्या १९४५ च्या घटनेत म्हटलंय की युद्ध माणसाच्या मनात सुरू होतं, म्हणून शांततेचा बांधही तिथेच घालायला हवा. पण सीमा, जमीन आणि पाणी यांचे निर्णय वाटाघाटीच्या टेबलावरच होतात. ऑर्केस्ट्रा ते करू शकत नाही. सईद २००३ मध्ये गेले. त्यानंतर गाझात अनेक युद्धं झाली, एकही मैफल ती थांबवू शकली नाही.

तरीही २०१६ मध्ये बर्लिनमध्ये बॅरनबोइम-सईद अकादमी सुरू झाली. तिथे मध्यपूर्वेतले तरुण संगीतासोबत तत्त्वज्ञान आणि इतिहासही शिकतात. एका संध्याकाळची मैफल आणि वर्षानुवर्षं शेजारी बसून केलेली तालीम, यातला फरक इथे दिसतो. वाटाघाटी कधी ना कधी होतीलच. त्या दिवशी समोरच्याचं बोलणं ऐकायची सवय असलेली माणसं दोन्हीकडे लागतील. ती सवय एका दिवसात लागत नाही.