कोशांस जोडणारा धागा

विदर्भाच्या खेड्यांत ‘पुसणें’ म्हणजे विचारणें. शिष्ट मराठींत मात्र आज आपण फळा पुसतों आणि प्रश्न विचारतों. मग खेड्यांतला अर्थ अशुद्ध समजावा कीं जुना?

निवाडा कोशांनीं करावयाचा. पण ते विखुरलेले आहेत. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला. त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ ची. दाते-कर्वे प्रभृतींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांत प्रसिद्ध झाला. तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ चा. हे तीनही शिकागो विद्यापीठानें संगणकावर आणले. आमच्या भंडारा जिल्ह्यांतील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा स्वतंत्र कोश सिद्ध केला. परंतु प्रत्येक कोश आपल्याच घरांत नांदतो. एकाचा दुसऱ्याशीं व्यवहार नाहीं.

हॉलंडांत हीच अडचण होती. तेथील थोरल्या कोशाचा पहिला भाग १८६४ सालीं निघाला व शेवटचा १९९८ सालीं. मध्ययुगीन भाषेचे कोश निराळेच. लेडन येथील भाषासंस्थेनें ते एकत्र आणतांना एक सोपी युक्ति योजिली : जुन्या प्रत्येक शब्दास त्याचें आजचें रूप जोडून दिलें. आजचा शब्द विचारला कीं सर्व शतकांतील नोंदी एकाच ठिकाणीं उभ्या राहतात.

मराठींत असें झालें, तर ‘पुसणें’ या शब्दाखालीं तेराव्या शतकांतील ‘लीळाचरित्रा’चाही दाखला निघेल, कारण तेथें ‘पुसणें’ म्हणजे विचारणेंच. म्हणजे खेड्यानें शब्द बिघडविला नाहीं, जपून ठेविला.

मात्र हें काम यंत्रावर सोडून भागणार नाहीं. १९६२ च्या लेखननियमांनीं पुष्कळ अनुस्वार गेल्यामुळें तोच शब्द दोन रूपांत आढळतो. शिवाय झाडीबोलींत ‘ळ’चा ‘र’ होतो, म्हणून ‘काळा’चा ‘कारा’. पण संस्कृतांत ‘कारा’ म्हणजे तुरुंग! कोणता ‘कारा’ कोठें जोडावा, हें बोली जाणणाऱ्यानेंच सांगावें लागेल.

अशीं माणसें हयात आहेत, तोंवरच हा धागा ओवून घेतला पाहिजे. तो हातीं आला, तर शिक्षक मुलास म्हणूं शकेल : ‘बाळ, लिहितांना विचारणें लिही, पण तुझ्या आजीचा शब्द चुकीचा नव्हे.’