दुकानात सांगता, ते साइटवर लिहा

सकाळी 8.30
कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसात पोचते तोवर शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्या काकांचा मेसेज येऊन पडलेला असतो : "ताई, नवीन साइट होऊन पंधरवडा झाला. गुगलवर नावसुद्धा येत न्हाई. काय भानगड?" व्यवसायांच्या वेबसाइट गुगलच्या शोधात दिसाव्यात, हे बघायचं माझं काम. या धंद्यात त्याला एसईओ म्हणतात. काका 'ते गुगलचं' म्हणतात.

सकाळी 9.00
चहाबरोबर सर्च कन्सोल उघडते. गुगलचं हे फुकट साधन. कोणत्या शब्दांवर आपली साइट दिसली, किती जणांनी क्लिक केलं, कोणती पानं गुगलने नोंदवली आणि कोणती नाकारली, याचा हिशेब त्यात मिळतो. पानं नोंदवल्याचा हिशेब मात्र ताजा नसतो, काही दिवस मागे असतो. त्यामुळे "काल रात्री बदल केला, सकाळी काय झालं?" या प्रश्नाला उत्तर नसतं.

काकांच्या साइटवर नोंदवलेली पानं : शून्य. कारणही समोरच लिहिलंय, 'नोइंडेक्स', म्हणजे 'नोंदवू नका'. वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये एक चौकोन असतो. साइट अर्धवट असताना गुगलने ती उचलू नये म्हणून त्यावर टिक करतात. साइट सुरू झाली, पण टिक काढायची राहून गेली. ती काढली, साइटमॅप म्हणजे पानांची यादी दिली, मुख्य पान तपासायची विनंती टाकली.

"झालं का?"
"काका, कुलूप काढलंय. पाहुणे यायला काही दिवस लागतील."

सकाळी 10.00
कुलूप निघालं तरी आत बघण्यासारखं काही हवं. मुख्य पानाचं शीर्षक 'होम'. खाली 'आमच्या वेबसाइटवर आपले स्वागत', मग 'दर्जा हाच आमचा ध्यास'. कॅटलॉग म्हणजे छापील पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ. त्यातलं अक्षर न् अक्षर गुगल वाचेलच, असा भरवसा नाही.

पुण्यातल्या एखाद्या कंपनीचा खरेदी अधिकारी 'दर्जाचा ध्यास' शोधत नाही. तो ग्रेड, वजन आणि गाव टाकतो. म्हणून काकांच्या सुपरवायझरला फोन लावते. ग्रेड कोणते? एफजी 260 आणि एसजी 500/7. नग किती किलोपासून किती किलोपर्यंत? मशीनिंग करून देता की नुसतं कास्टिंग? स्पेक्ट्रोमीटर आहे का? पॅटर्न गिऱ्हाइकाचा की तुमचा? पहिला नमुना किती दिवसांत? गडी एका दमात सगळं सांगतो. गेली कित्येक वर्षं फोनवर हेच सांगत आलाय, पण साइटवर यातली एक ओळ नाही.

दुपारपर्यंत प्रत्येक ग्रेडचं वेगळं पान उभं राहतं. शीर्षक साधं : एसजी आयर्न कास्टिंग, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर. मजकूर इंग्रजीत, कारण हा खरेदीदार इंग्रजीत शोधतो. काकांच्या पुतण्याचा आग्रह, की कीवर्ड मेटा टॅगमध्ये पन्नास शब्द कोंबावेत. क्रमवारीसाठी तो टॅग आम्ही बघतच नाही, हे गुगलने 2009 मध्येच जाहीर केलंय.

दुपारी 12.30
आता चप्पलवाल्या दादांची साइट. मोबाइलवर उघडली की पांढरा पडदा आणि फिरतं चक्र. फोटो मोबाइलमधून काढले तसेच चढवलेत, एकेक पाच-सहा एमबीचा. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, हा गुगलचा निकष. मार्च 2024 पासून बोट टेकवल्यावर पान किती चटकन हालतं, तेही मोजतात. 200 मिलिसेकंदांच्या आत हाललं तर चांगलं. फोटो वेबपी स्वरूपात लहान केले. आकड्यांची नावं काढून 'कापशी चप्पल, वेणीचा पट्टा' अशी नावं आणि वर्णनं घातली.

दुपारी 1.30
डबा. भाकरी, मेथी, दही. फोन सायलेंट.

दुपारी 2.30
चप्पल लाइन, अंबाबाईच्या देवळाजवळचा चपलांचा बाजार. हे काम ऑफिसात बसून होत नाही. दादांच्या गुगल बिझनेस प्रोफाइलवर दुकानाच्या नावापुढे 'नंबर वन बेस्ट होलसेल कोल्हापुरी चप्पल' अशी शेपूट आहे. पाटीवर नाही ते नाव प्रोफाइलवर लावणं नियमात बसत नाही आणि त्यापायी प्रोफाइल बंदही होऊ शकतं. शेपूट कापली. नकाशावरची खूण मागच्या बोळात होती, ती दारात आणली. अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडलेला पर्यटक 'जवळचं चप्पल दुकान' शोधतो तेव्हा गुगल तीन गोष्टी बघतं : दुकान शोधाशी जुळतं का, किती लांब आहे, किती नावाजलेलं आहे. खूण चुकली की अंतर चुकलं.

दादांनी गल्ल्यावर चिठ्ठी लावलीय : पाच स्टार द्या, दहा टक्के सूट मिळवा. तीही काढायला लावली. सूट देऊन अभिप्राय घ्यायला गुगलची मनाई आहे.

तेवढ्यात पुण्याचं जोडपं येतं. बाई विचारतात, "चावणार नाही ना ओ?"
"पहिलं चार दिवस घरात घाला. पट्ट्याला खोबरेल तेलाचा हात फिरवा. मग बघा."
"पावसात चालते?"
"न्हाई. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात न्हाई."
"अस्सल कशी ओळखायची?"
दादा चप्पल उलटी करून शिवण दाखवतात. खिळा नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं हातात देतात, वास घ्यायला सांगतात.

मी बाजूला उभी राहून सगळं फोनवर टिपते. गुगलवरही लोक हेच विचारतात. दादांच्या साइटवर मात्र फोटो, किंमत आणि 'खरेदी करा', एवढंच.

संध्याकाळी 5.00
ऑफिसात परत. दादांच्या सर्च कन्सोलचा आलेख जून 2025 च्या शेवटी डोंगरासारखा उभा राहिलेला दिसतो. प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सगळीकडे गहजब झाला, तो काळ. साइट हजारो शोधांत दिसली, विक्री होती तिथेच राहिली. लोक आले होते बातमीमागचं समजून घ्यायला. 2019 चं भौगोलिक मानांकन काय, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून कसं, हे सांगणारं पान दादांकडे नव्हतं. त्या डिसेंबरात प्राडाने महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, विषय पुन्हा निघाला. अशी लाट परत येईल तेव्हा पान तयार असावं, म्हणून आज ते लिहायला घेते. दुपारचे तीन प्रश्न, दादांच्या शब्दांत उत्तरं, खाली मानांकनाची माहिती. मराठीचं पान वेगळं, इंग्रजीचं वेगळं. दोन्हींची खिचडी नाही.

संध्याकाळी 6.30
महिन्याचे अहवाल. गुळाच्या व्यापाऱ्याची साइट पूर्वीइतकीच दिसतेय, पण क्लिक घटलेत. ऑगस्ट 2024 पासून आपल्याकडे गुगल बऱ्याच प्रश्नांची एआयने तयार केलेली उत्तरं वरच देतं. 'गूळ की साखर' विचारणारा तिथूनच परततो. 'कोल्हापुरी गूळ दहा किलो घरपोच' शोधणारा मात्र आत येतो. त्यामुळे अहवालात क्लिकच्या आधी आलेले फोन आणि ऑर्डरी लिहिते. धंदा त्यावर चालतो.

रात्री 8.00
निघताना काकांचा फोन. कुणीतरी ईमेल केलाय : महिन्यात पहिला नंबर, हमखास. "देऊ का पैसे?"

नका देऊ. पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच लिहून ठेवलंय. पैसे मोजण्याआधी प्रत्येक दुकानदाराने दोन कामं करावीत. गिऱ्हाईक रोज विचारतं ते प्रश्न वहीत उतरवून त्यांची उत्तरं आपल्या साइटवर घालावीत. आणि डोमेन, सर्च कन्सोल, बिझनेस प्रोफाइल ही तिन्ही खाती स्वतःच्या ईमेलवर ठेवावीत. साइट करणारा बदलेल, माझ्यासारखी एसईओवालीही बदलेल. खाती मालकाकडेच राहिली पाहिजेत.