इटालियनचे पदवी-शिक्षण आणि भोपाळचा मराठी विद्यार्थी

परकीय भाषेचा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम आणि त्याच भाषेतील विद्यापीठीय पदवी यांत मुदतीपेक्षा उद्दिष्टाचा फरक अधिक असतो. प्रमाणपत्र घेणाऱ्याला त्या भाषेत दैनंदिन व्यवहार करता आला की पुरते. पदवीच्या विद्यार्थ्याला मात्र ती भाषा कशी घडली, तिच्यात कोणी काय लिहिले आणि ती बोलणाऱ्या समाजाने धर्म, कला व राज्यव्यवस्था यांचा विचार कसा केला, हे मूळ ग्रंथांतून वाचावे लागते.

आरंभी भर अर्थातच भाषेवर असतो, आणि तेथे मराठी मातृभाषा उपयोगी पडते. इटालियनमध्येही क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळत असल्याने, मराठीतील ‘येतोस का?’ या प्रश्नाप्रमाणे, सर्वनाम सहज गाळता येते; नामाला लिंग असते आणि त्यानुसार विशेषण बदलते. ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा, असा एका द्वित्त व्यंजनाने होणारा अर्थभेद ‘कला’ आणि ‘कल्ला’ निराळे ऐकणाऱ्या कानाला जड जात नाही.

साहित्याच्या अभ्यासाचा कणा म्हणजे ज्याला इटलीत ‘भाषेचा प्रश्न’ म्हटले जाते तो, म्हणजे अनेक बोलींच्या देशात लेखनाची भाषा कोणती असावी यावर शतकानुशतके चाललेला वाद होय. नेवाशात इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा १२६५ मध्ये जन्मलेला दान्ते फ्लॉरेन्समध्ये तरुण होता. पुढे त्याने विद्वन्मान्य लॅटिन बाजूला ठेवून ‘दिव्हिना कोम्मेदिया’ हे शंभर सर्गांचे महाकाव्य आपल्या प्रदेशाच्या बोलीत रचले. आलेस्सान्द्रो मान्झोनी याने १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेली आपली ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ ही कादंबरी फ्लॉरेन्सच्या सुशिक्षितांच्या भाषेला धरून पुन्हा लिहिली आणि १८४० ते १८४२ या काळात तिची सुधारित आवृत्ती काढली. तरीही १८६१ मध्ये एकीकृत इटलीचे राज्य स्थापन झाले तेव्हा इटालियन जाणणारे लोक जेमतेम अडीच टक्के होते, असा भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज आहे. काही अभ्यासक हा आकडा अधिक मानतात, परंतु राष्ट्र आधी झाले आणि त्याची भाषा घरोघरी नंतर पोहोचली, याविषयी दुमत नाही.

घरात मराठी, शाळेत हिंदी, जुन्या शहराच्या गल्ल्यांत उर्दूवळणाची भोपाळी बोली आणि आसपासच्या प्रदेशात माळवी व बुंदेली ऐकत वाढलेल्या भोपाळच्या मराठी विद्यार्थ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. प्रमाणभाषा कोणाची आणि बोलीला शाळेत स्थान किती, हे तो रोज अनुभवत असतो. पदवीच्या अभ्यासातून त्या अनुभवाला तुलनेची शिस्त लाभते.

मराठी समाजाचा इटलीशी संबंध जुना असला तरी तो बहुतांशी इंग्रजीच्या मध्यस्थीने आलेला आहे. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये सिद्ध केलेले इटालियन राष्ट्रवादी मॅझिनीच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले, ते इंग्रजी अनुवादावरून. मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत १६६५ मध्ये शिवाजी महाराजांना भेटलेला व्हेनिसचा निकोलाओ मनुची याच्या वृत्तांताची हस्तलिखिते इटालियन, पोर्तुगीज आणि फ्रेंच अशा मिश्र भाषांत आहेत. वसई आणि कान्हेरीची लेणी पाहून १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगले येथे औरंगजेबाच्या छावणीत गेलेला जेमेल्ली कारेरी याने आपले प्रवासवर्णन इटालियनमध्ये लिहिले. मराठ्यांच्या इतिहासाची ही साधने थेट वाचता येणे हे संशोधकासाठी मोठे सामर्थ्य आहे. उलट दिशेने पाहता, उदीने येथे जन्मलेले लुइजी पिओ तेस्सितोरी यांनी फ्लॉरेन्समध्ये शिकत असताना तुलसीदासांच्या रामकथेची वाल्मीकीशी तुलना केली, १९१४ मध्ये ते भारतात आले आणि राजस्थानी साहित्याच्या संशोधनात गढलेले असताना १९१९ मध्ये बिकानेरला त्यांचे निधन झाले.

या अभ्यासासाठी भोपाळहून जवळचा मार्ग दिल्लीचा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या जर्मॅनिक आणि रोमान्स अध्ययन विभागात इटालियनची ऑनर्स पदवी घेता येते. इटलीत पदवी तीन वर्षांची आणि त्यापुढील पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे असते; इटालियन माध्यमातून शिकण्यासाठी युरोप परिषदेच्या ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांपैकी सामान्यतः बी-२ ही चौथी पातळी अपेक्षित असते. तेथे अनेक परीक्षा तोंडी होतात. अध्यापकासमोर बसून विषय मांडावा लागतो, तीसपैकी अठरा गुणांना विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि मिळालेले गुण पसंत नसतील तर ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसता येते. पाठांतरावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला ही पद्धत कठीण वाटते, परंतु विचार स्पष्ट मांडण्याची सवय तिनेच लागते.

अनुवाद, अध्यापन, पर्यटन आणि बारामतीच्या पिआज्जिओसारखे इटालियन उद्योग ही उपजीविकेची क्षेत्रे आहेत, मात्र त्यांवरून या पदवीचे मोल ठरवणे अपुरे होईल. एका शतकापूर्वी तेस्सितोरींनी भारतीय भाषांसाठी जे कष्ट घेतले, तेवढेच कष्ट इटालियनसाठी घेणारे काही मराठी अभ्यासक तयार झाले, तर कारेरी आणि मनुची यांच्यासाठी इंग्रजीच्या दाराशी थांबावे लागणार नाही. असे अभ्यासक घडवायचे असतील तर भोपाळसारख्या बहुभाषिक शहरातील विद्यापीठांनीही या विषयाची सुरुवात करणे अगत्याचे आहे.