सर्वांत उंच झाडांचे वन

मुलांनो, तुम्ही कुतुबमिनाराचे चित्र पाहिले असेल. त्याची उंची सुमारे ७३ मीटर आहे. त्याहून उंच झाड असते का? हो, असते!

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात, समुद्रकिनाऱ्याजवळ रेडवुड नावाची झाडे आहेत. त्यांचे लाकूड तांबूस असते, म्हणून हे नाव. काही झाडे शंभर मीटरांहून उंच, तर काही दोन हजार वर्षांची आहेत.

या वनातून सुमारे ५० किलोमीटरांचा एक जुना रस्ता जातो. प्रवासी मोटारीने येतात, जागोजागी उतरतात आणि पायवाटेने थोडे फिरून येतात.

उन्हाळ्यात तेथे पाऊस फारसा पडत नाही. मग झाडांना पाणी कोण देते? धुके! समुद्रावरून आलेल्या धुक्याचे पानांवर थेंब होतात. ते टपटप जमिनीवर पडतात.

एवढ्या उंच झाडांची मुळे मात्र खोल जात नाहीत. ती शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. जणू झाडे हातात हात घालून वादळाला तोंड देतात!

माणसे वाट सोडून चालली, की माती दबते आणि मुळांना इजा होते. २००६ साली 'हायपेरियन' हे सुमारे ११६ मीटर उंचीचे झाड सापडले. ते पाहण्यासाठी लोकांनी भोवतालचे रान तुडवले. शेवटी २०२२ साली तेथे जाण्यास बंदी घालावी लागली.

झाडाला केवळ कुऱ्हाडीचीच भीती नसते; आपल्या पावलांचीही असते. तुम्ही सहलीला जाल, तेव्हा हे लक्षात ठेवाल ना?