नंदादीपाचे तेल

घटस्थापनेच्या प्रातःकाळी देवघरात नंदादीप उजळतो आणि नऊ अहोरात्र तो तेवत ठेवण्याचे व्रत घरातील गृहिणी आपल्याकडे घेते. हात स्वयंपाकात गुंतले असले, तरी तिचे अर्धे चित्त समईपाशी असते. मध्यरात्री उठून ती तेल घालते, वातीची काजळी झाडते आणि ज्योत स्थिर झाली असे पाहून मगच पुन्हा आडवी होते. सकाळी दर्शनास येणारा प्रत्येक जण त्या ज्योतीला हात जोडतो. रात्री तेल कोणी घातले, हे मात्र कोणी विचारीत नाही. जगदंबेच्या शारदारूपाचे स्मरण करताना यंदा मला याच न विचारलेल्या प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे. आपल्या गावांत आणि नगरांत कलेची जी ज्योत तेवते, तिच्या समईत तेल कोणी घालावयाचे?

करमाळा तालुक्यातील आमचे केम हे श्रीउत्तरेश्वराचे गाव. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांना ते कुंकवाचे गाव म्हणून अधिक परिचित आहे. येथील कुंकू पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर अशा क्षेत्रांच्या बाजारपेठांत जाते आणि तेथून घरोघरच्या करंड्यांत पोहोचते. लहानपणी वडीलधारी माणसे आम्हांस सांगत की, हळद मूळची पिवळी. तिला क्षाराचा संग घडतो, तेव्हाच ती लाल होते. एकट्या हळदीचे कुंकू होत नाही. कलेचेही तसेच आहे, असे चाळीस वर्षांच्या कीर्तनसेवेनंतर मला वाटते. गुणवंताच्या अंगी गुण असतो. त्याला समाजाचा संग लाभला, तरच रंग चढतो.

हे मला सुचले ते ग्रंथ वाचून नव्हे, तर एका पश्चात्तापातून. माझ्या कीर्तनास पेटीची साथ करणारे एक गृहस्थ होते. जवळच्याच खेड्यातले, अल्पभूधारक. सव्वीस नवरात्रे त्यांनी माझ्यामागे बसून काढली. पूर्वरंगात माझा स्वर किंचित ढळला की त्यांची पेटी हलकेच मला सावरून घेई, आणि श्रोत्यांना त्याचा पत्ताही लागत नसे. वार्धक्यात बोटे थरथरू लागली आणि बसणे थांबले. ज्येष्ठ कलावंतांना शासनाकडून मानधन मिळते, असे कळल्यावर आम्ही त्यांचा अर्ज भरला. काही महिन्यांनी एका कार्यालयातून तो परत आला. कलासेवेचा छापील पुरावा हवा होता. मी घरी येऊन फडताळ उघडले. चाळीस वर्षांच्या हस्तपत्रिका मी जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर माझे नाव ठळक अक्षरांत होते, आणि खाली केवळ एवढेच छापलेले होते : साथसंगत, स्थानिक कलावंत. सव्वीस वर्षांत एकदाही त्यांचे नाव छापावे, असे मला सुचले नव्हते. मी पत्र लिहून दिले, पण त्याने कागद पुरे झाले नाहीत. पुढल्या आषाढात ते गेले. त्यांची पेटी मुलाने विकली. कार्यालयाने नियम पाहिला, त्यास काय म्हणावे? चूक प्रथम माझी होती.

तेव्हापासून मी शास्त्रग्रंथांकडे नव्या दृष्टीने पाहू लागलो. कला ही कलावंताची खासगी बाब आहे, तिचा भार त्याने आणि त्याच्या चाहत्यांनी वाहावा, असे पुष्कळ सज्जन म्हणतात. आपल्या परंपरेला हे मान्य आहे काय? भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात याचे उत्तर आहे. पहिला नाट्यप्रयोग झाला, तेव्हा देवांनी प्रसन्न होऊन आपापल्या परीने देणगी दिली. इंद्राने ध्वज दिला, वरुणाने सुवर्णकलश, सूर्याने छत्र, विष्णूने सिंहासन, कुबेराने मुकुट, आणि सरस्वतीने श्राव्यतेचे वरदान दिले. पुढे विघ्नकर्त्यांनी प्रयोगाचा विध्वंस आरंभिला, तेव्हा ब्रह्मदेवाने नटांना सांगितले नाही की, आपले छप्पर आपणच उभारा. त्याने विश्वकर्म्यास नाट्यगृह बांधण्याची आज्ञा केली आणि त्या वास्तूचा एकेक भाग रक्षणासाठी एकेका देवतेकडे सोपविला. प्रयोग नटांचा, पण वास्तू आणि तिचे रक्षण सर्वांचे, असा हा संकेत आहे.

कौटिल्य तर व्यवहारी पुरुष. नाण्याचा हिशेब चुकविणारा नव्हे. त्याच्या अर्थशास्त्रात गीत, वाद्य, नृत्य, नाट्य शिकविणाऱ्या आचार्यांची उपजीविका राज्याने चालवावी, असे विधान आहे. सेवकांच्या वेतनसूचीत कुशीलवास २५० पण आणि तूर्यकरास त्याच्या दुप्पट वेतन सांगितले आहे. तूर्यकर म्हणजे कोणी वाद्य बनविणारा मानतात, कोणी वाजविणारा. अर्थ कोणताही घ्या; वाद्याच्या मानकऱ्याचे मोल त्या राजनीतिज्ञाने रंगभूमीवर दिसणाऱ्याहून अधिक मानले. माझ्या हस्तपत्रिकांनी नेमके याच्या उलट केले होते.

राजसत्ता आणि सामान्य माणूस यांनी मिळून तेल घालावयाचे, याचा शिलालेख आपल्याच जिल्ह्यात आहे. पंढरपूरच्या श्रीविठ्ठलमंदिरात चौऱ्याऐंशीचा लेख म्हणून जो पाषाण प्रसिद्ध आहे, त्याला पाठ घासली असता चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची श्रद्धा. त्यावर काय कोरलेले आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७, या काळात मंदिरास ज्यांनी दान दिले, त्यांची ती नोंद आहे. त्यात राजा रामचंद्रदेव यादव आहे, हेमाद्री पंडित आहे, आणि त्यांच्याच पंक्तीत साधे दातेही आहेत. ज्याने जे दिले, ते दगडावर लिहिले. सार्वजनिक निधीचा उघडा हिशेब याहून निराळा तो काय असतो?

आता अर्वाचीन काळाकडे येऊ. आमचे कुंकू ज्या करवीरनिवासिनीच्या क्षेत्री जाते, त्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली एक नाट्यगृह उभे केले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने प्रसिद्धीस आले. याच राजाने अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून आश्रय दिला. त्या घराण्यातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर घडल्या, आणि मोगूबाईंच्या मांडीवर किशोरी आमोणकरांना स्वर सापडला. एका दरबारच्या वेतनातून तीन पिढ्यांना पुरेल एवढा नाद महाराष्ट्राच्या पदरी पडला.

कलावंतांनीही हे ऋण विसरले नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व या दोन प्रतिस्पर्धी मंडळींच्या अधिपतींनी एकत्र येऊन खाडिलकरांच्या मानापमान नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या प्रयोगाचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेले. राष्ट्राच्या कार्यासाठी निधी हवा होता, तेव्हा रंगभूमीने आपली झोळी राष्ट्रापुढे रिती केली. पुढे तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले. बालगंधर्वांना दीर्घायुष्य लाभले, परंतु उत्तरायुष्यात विपन्नतेचे दिवसही पाहावे लागले. १९६२ साली पुण्यात महापालिकेच्या नाट्यगृहाचे भूमिपूजन त्यांच्याच हस्ते झाले. ती वास्तू २६ जून १९६८ रोजी रसिकांसाठी खुली झाली, तेव्हा ते हयात नव्हते. आदल्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचे निधन झाले होते. ज्या दोघांनी एका रात्री जनतेच्या निधीत भर घातली, त्या दोघांची नावे आज जनतेच्या निधीवर चालणाऱ्या दोन नाट्यगृहांस आहेत. समाजाने ऋण मानले, पण बहुधा माणूस गेल्यावर मानले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे ते नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. जळालेल्या वास्तूसमोर कलावंत आणि नागरिक उभे राहून रडले. राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला, आणि ते योग्यच झाले. परंतु वास्तू जळाल्यावर जी जाग येते, ती वास्तू उभी असताना का येऊ नये? आपल्या सोलापुरातही १९३१ साली फाशी गेलेल्या चार वीरांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले हुतात्मा स्मृति मंदिर हे महानगरपालिकेचेच नाट्यगृह आहे. अशा वास्तूंची देखभाल हा दिवा विझण्यापूर्वी घालावयाच्या तेलाचा खर्च होय.

यावर भाविक गृहस्थ दोन आक्षेप घेतात, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, गावात पाणी नाही, रस्ता नाही, दवाखान्यात औषध नाही, तेथे गाण्याबजावण्यावर कराचा पैसा का खर्चावा? आमचा मुलूख अवर्षणाचा. या प्रश्नाची धग मला ठाऊक आहे. पण पुन्हा शाहू महाराजांकडेच पाहावे. राधानगरीचे धरण हाती घेणारा, गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडणारा आणि नाट्यगृह बांधणारा राजा एकच होता. त्याने एकासाठी दुसरे थांबविले नाही. घरात टंचाई आली म्हणून कोणी नंदादीप विझवीत नाही. वात बारीक करते, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. शासनाचा पैसा घेतला की कलावंत मिंधा होतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच सार्वजनिक निधी कशावर खर्चावा, याची मर्यादा असावी. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याची तीन स्थाने आहेत : छप्पर, गुरू आणि वार्धक्य. रंगमंच, सभामंडप, ध्वनीची व्यवस्था नगराने ठेवावी. शिकविणाऱ्यास आधार द्यावा. थकलेल्यास मानाने जगवावे. प्रयोगाची आवड-निवड मात्र रसिकांवर सोडावी. कोणते आख्यान लावावे, हे कीर्तनकारास अनुदान देणाऱ्याने सांगू नये. आणि जे दिले, ते पंढरीच्या पाषाणावरील नोंदीप्रमाणे नगराच्या दारी लिहून लावावे.

काही पावले पडत आहेत, हे कृतज्ञतेने सांगावयास हवे. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांच्या मानधन योजनेस २०२४ साली राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आणि मानधन दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास राज्यातील १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपयांचे अनुदान जाहीर झाले. त्यातून मृदंग, टाळ, पेटी घेता येते. पण योजना कितीही चांगली असली, तरी जो कायम मागे बसला, त्याच्यापर्यंत ती आपोआप पोहोचत नाही. त्याच्या सेवेची साक्ष गावाने द्यावयाची असते, आणि ती तो हयात असताना द्यावयाची असते.

म्हणून वाचकांना माझी विनंती मोठ्या निधीपूर्वी एका छोट्या गोष्टीची आहे. आपल्या गावच्या, आळीच्या नवरात्रोत्सवाची हस्तपत्रिका छापावयास जाईल, तेव्हा तबला, पेटी, मृदंग, टाळ यांवर बसणाऱ्यांची नावे पूर्ण छापा, आणि तिची एक प्रत जपून ठेवा. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर हरकती व सूचना मागविल्या जातील, तेव्हा आपल्या नाट्यगृहाविषयी एक ओळ लिहून पाठवा. बिदागीचे पाकीट कीर्तनकाराच्या हाती देताना साथीदाराचे पाकीट निराळे करा.

केमच्या उत्सवात यंदा माझे कीर्तन आहे. हस्तपत्रिका छापून आली आहे. माझ्या नावाखाली, त्याच टंकात, पेटी आणि तबला या दोन शब्दांपुढे दोन नावे आहेत. त्यातील पेटीवाला तरुण आहे; सव्वीस नवरात्रे साथ करणाऱ्या त्या गृहस्थांपाशी तो लहानपणी शिकला. समईतील तेल त्यांनी असे पुढे ठेवून दिले होते. आई जगदंबा आपणां सर्वांच्या हातून ती समई भरती ठेवो, एवढीच तिच्या चरणी प्रार्थना.