तेहरानहून लॉस एंजेलिसच्या झगमगाटात

सॅम नाझारियन यांचा जन्म १९७५ चा, तेहरानचा. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर त्यांचं ज्यू कुटुंब अमेरिकेत आलं. वडील युनेस नाझारियन क्वालकॉमचे सुरुवातीचे गुंतवणूकदार, त्यामुळे भांडवलाची ददात नव्हती. पण पैसा असला म्हणजे गर्दी खेचता येतेच असं नाही, आणि सॅम यांना ते बरोबर जमलं.

२००२ मध्ये त्यांनी एसबीई कंपनी काढली. आधी नाइटक्लब, मग रेस्टॉरंट, मग हॉटेलं. २००८ मधलं एसएलएस बेव्हर्ली हिल्स मला त्यांचं सर्वांत देखणं काम वाटतं. सजावट फिलिप स्टार्क यांची, तिथल्या ‘द बाझार’ रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर शेफ होसे आंद्रेस यांच्याकडे होतं. तिथे बदकाच्या यकृताचा मऊ तुकडा काडीला खोचून, ‘बुड्ढी के बाल’मध्ये गुंडाळून देत!

लास वेगासचं जुनं ‘सहारा’ मात्र पेललं नाही. २०११ मध्ये बंद केलेलं हे हॉटेल २०१४ मध्ये ‘एसएलएस’ नावानं उघडलं, पण जम बसला नाही. २०१८ मध्ये ते दुसऱ्या मालकाकडे गेलं.

तरी २०१६ मध्ये एसबीईनं मॉर्गन्स हॉटेल ग्रुप विकत घेतला. तो उभारला होता स्टुडिओ ५४ या गाजलेल्या न्यूयॉर्कच्या क्लबच्या मालकांनीच. २०१८ मध्ये फ्रान्सच्या अकोर या हॉटेल कंपनीनं एसबीईत निम्मा वाटा घेतला.